फ्लोट बुडतो, पण गळावर येतं नुसतं खवलं: पोलवर कार्प ‘फाउल’ का लागतात आणि काय करावं

इंग्लंडमधल्या कमर्शियल तळ्यांवर पोलने, म्हणजे खूप लांब काठीने, कार्प मासे गरवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला हा त्रास होतो, उन्हाळ्यात तर वारंवार होतो. सकाळचा पहिला तास झकास जातो. फ्लोट (तंगुसावरची तरंगती खूण) सावकाश खाली जातो, मासा तोंडात लागतो आणि जाळीत येतो. मग ऊन वर आलं की चित्र पालटतं. फ्लोट सारखा थरथरतो, आडवा सरकतो, सपकन बुडतो आणि हिसका दिला की गळ रिकामा. मधूनच एक मासा लागतो, पण तो पोलमधलं सगळं इलॅस्टिक ओढत समोरच्या काठाकडे सुटतो आणि वाटेतच निसटतो. गळ हातात घेऊन पाहावं, तर टोकाला चिकट बुळबुळीत एक खवलं अडकलेलं असतं.

यावर लोक आधी गळ बदलतात. सोळा नंबरचा काढून मोठा, चौदाचा लावतात, जाड तंगूस लावतात, इलॅस्टिक बदलतात. माझं मत ठाम आहे: खवलं आलं म्हणजे दोष बहुतेक वेळा गळाचा नसतो, चाऱ्याचा असतो. मासे गेलेले नाहीत, उलट गरजेपेक्षा जास्त जमलेत आणि तळ सोडून वर आलेत. तुमचं आमिष तळाशी आहे, मासे त्याच्या फूटभर वर घुटमळतायत आणि मधल्या पाण्यात उभा असलेला तंगूस त्यांच्या परांना, पोटाला, शेपटीला घासतोय. फ्लोट त्यामुळे बुडतो. आपण त्याला चावा समजून हिसका देतो आणि गळ खालून वर येताना माशाच्या अंगात रुततो. यालाच इथे ‘फाउल’ म्हणतात.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. कमर्शियल म्हणजे दिवसाचं तिकीट काढून मासेमारी करायची खाजगी तळी. मासे भरपूर सोडलेले, बसायच्या जागा आखलेल्या, त्यांना पेग म्हणतात. पोलला रीळ नसतं. कार्बनचे तुकडे एकात एक बसवून तेरा, कधी सोळा मीटरपर्यंत लांबी होते. टोकाच्या सुट्या होणाऱ्या भागातून, म्हणजे टॉप किटमधून, इलॅस्टिक जातं आणि त्याला तंगूस बांधलेला असतो. मासा लागला की पोल मागे रोलरवर सरकवायचा, टॉप किट सुटं करायचं आणि इलॅस्टिकच्या जोरावर मासा आणायचा. पोलचा मोठा फायदा म्हणजे आमिष आणि चारा दोन्ही तळहाताएवढ्या जागेत, दर वेळी त्याच ठिकाणी ठेवता येतात. फाउलचा इलाजही याच फायद्यातून निघतो.

आधी निदान

खरा चावा आणि तंगूस घासल्याचा भास फ्लोटवर वेगळे दिसतात. कार्पने आमिष तोंडात घेतलं की फ्लोट ठाम खाली जातो आणि खालीच राहतो. बऱ्याचदा आधी एखादा बारीक ठोका दिसतो, मग टोक बुडतं. मासा तंगुसाला घासून गेला तर फ्लोट झटक्यात गायब होतो आणि तितक्याच झटक्यात वर उसळतो, किंवा वीतभर आडवा जाऊन थांबतो. चार-पाच वेळा हिसका न देता नुसतं बघा. उसळून वर येणारे खोटे चावे जास्त असतील तर मासे मधल्या पाण्यात आहेत.

दुसरी खूण म्हणजे तळातून येणारे फेस-बुडबुडे. तळ उकरणारा कार्प चिखलातला वायू सोडवतो, त्यामुळे फ्लोटभोवती बारीक बुडबुड्यांचे पुंजके उठतात. ते थांबले, पण पाण्याच्या पृष्ठभागावर भोवरे, उलथापालथ, मधूनच पाठ दिसायला लागली, तर मासे वर आलेत हे नक्की.

तिसरी खूण माशाच्या झुंजीत मिळते. तोंडात लागलेला कार्प डोकं झटकतो, ते इलॅस्टिकमधून हाताला ठक-ठक जाणवतं. शेपटीजवळ लागलेला डोकं झटकत नाही. तो सरळ रेषेत, न थांबता पळतो, आणि आणताना पाण्यात आडवा, जड येतो.

आणि खवलं नीट बघा. मोठं, जाड खवलं असेल तर गळ पाठीवर किंवा कुशीत लागला होता, म्हणजे मासा तळाच्या बराच वर होता. खवलं न येता नुसता चिकट थर आला आणि मासे पोटाच्या किंवा छातीच्या परांजवळ लागत असतील, तर मासा तळाशीच खात आहे, पण तंगूस त्याच्या पोटाखालून जातोय. या दोन अवस्थांचे उपाय वेगळे आहेत, म्हणून गळ पुसण्याआधी तो डोळ्यांजवळ धरा.

मासे वर का येतात

महाराष्ट्रात शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना पाण्याचे थर नवे नाहीत. कटला वरच्या थरातलं खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाचं, म्हणूनच तिन्ही एकत्र सोडतात. इंग्लंडच्या तळ्यातला कॉमन कार्प त्यांच्याच कुळातला. मुळात तो तळ उकरणारा, पण दाटीवाटीच्या तळ्यात एकटाच तिन्ही थरांत फिरतो. अन्न वरून पडतं हे कळलं की तो तळाशी वाट बघत बसत नाही. शेजारच्या माशाच्या आधी घास मिळावा म्हणून तो वर चढतो आणि पडणारी पेलेट (माशांच्या खाद्याची गोळी) मध्येच टिपतो.

कार्पला जठर नसतं. खाल्लेलं सरळ आतड्यात जातं, त्यामुळे तो थोडं थोडं आणि दिवसभर खात राहतो. सतत वरून शिंतोडे पडत राहिले तर त्याला वर थांबणंच सोयीचं. त्याला ऐकूही चांगलं येतं. मणक्याला जोडलेल्या बारीक हाडांची साखळी त्याच्या वाताशयातली कंपनं कानापर्यंत पोचवते. पाण्यावर पडणाऱ्या पेलेटचा आवाज म्हणजे त्याला जेवणाची हाक. कॅटापल्टने, म्हणजे गलोलीने, सहा मिलिमीटरच्या पेलेट उडवत राहिलात, तर तुम्ही माशांना वर बोलावताय, हे लक्षात ठेवा.

उष्णतेचाही हात असतो. पाणी तापलं की त्यातला विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 10 अंशाला लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम मावतो, 20 अंशाला साधारण 9. तळाशी कुजणारा गाळ तो आणखी खातो, त्यामुळे वारा नसलेल्या गरम दुपारी मासे वरच्या थरात जाणारच. अशा दिवशी त्यांना तळाशी ओढून ठेवण्याचा हट्ट सोडावा लागतो; त्याबद्दल पुढे सांगतो.

खोली: कंटाळवाणं, पण टाळू नका

चाऱ्याला हात घालण्याआधी खोली पुन्हा मोजा. गळाला मोजायचं वजन लावून फ्लोटचं टोक पाण्याच्या रेषेवर येईपर्यंत सरकवायचं, हे सगळेच सकाळी करतात. पण एकाच बिंदूवर मोजून भागत नाही. फ्लोटच्या डावी-उजवीकडे अर्धा मीटर, पुढे-मागे अर्धा मीटर, असं मोजा. कडेचा उतार जिथे संपतो आणि सपाट तळ सुरू होतो ती जागा हवी. उतारावर मासेमारी केली तर पेलेट घरंगळत खाली जातात, मासे त्यांच्यामागे पसरतात आणि तुमचा तंगूस कळपाच्या मधोमध उभा राहतो. पोटाखाली फाउल लागण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

सपाट जागा मिळाली की आमिष तळाला जेमतेम टेकेल किंवा दोन-तीन सेंटीमीटर तंगूस तळावर लोळेल इतकीच खोली ठेवा. दहा-पंधरा सेंटीमीटर तंगूस तळावर पडला तर मासा आमिष घेऊन थुंकतो तरी फ्लोट हलत नाही, आणि सैल तंगूस त्याच्या परात अडकतो. योग्य खोलीची खूण टॉप किटवर पांढऱ्या पेनने करून ठेवा. दिवसभरात फ्लोट सरकतोच.

पोलच्या टोकापासून फ्लोटपर्यंतचा तंगूसही आखूड हवा, वीतभर ते फूटभर. लांब ठेवला तर वारा त्याची कमान करतो, फ्लोट चाऱ्यावरून सरकतो आणि हिसका उशिरा पोचतो. उशिराचा हिसका म्हणजे आमिष थुंकून वळलेल्या माशाच्या अंगात गळ.

चारा: खरी दुरुस्ती इथेच आहे

पहिलं काम: कॅटापल्ट आणि हाताने फेकणं बंद करा. पोलच्या टोकाला बसणारा छोटा पॉट (वाटी) लावा आणि चारा त्यातूनच द्या. टोक पाण्यापासून वीतभर उंचीवर आणून पॉट हलकेच उलटा करा. उंचावरून ओतलं तर आवाज होतो आणि वाऱ्याने चारा पसरतो. समोरच्या काठावर एखादी खूण धरा, झाडाचं खोड किंवा लव्हाळ्याचा दाट पुंजका, आणि दर वेळी पोल त्याच रेषेत ठेवा. चारा एकीकडे आणि फ्लोट दोन फुटांवर, असं झालं की मासे कुठे तोंड खाली घालून खातायत हे कळेनासं होतं.

दुसरं म्हणजे चाऱ्याची वेळ. फ्लोटवर हालचाल दिसली की आणखी चारा टाकायचा हात आवरत नाही. फाउल सुरू झाल्यावर नेमकं उलट करायचं. एक मासा नीट जाळीत आला की मगच पुढचा पॉट: चार मिलिमीटरच्या वीस-तीस पेलेट, बस. मासा आला नाही तर चारा नाही, फ्लोट कितीही नाचो. थोड्या वेळाने जागा शांत होते, जास्तीचे मासे पांगतात आणि उरलेले तळाशी उरलेलं वेचायला खाली जातात. ही वाट बघणं मनाला जड जातं, पण सगळ्या उपायांत हा सर्वांत खात्रीचा आहे.

तिसरं, चारा कसा बुडतो ते बदला. सुट्या कोरड्या पेलेट एकेक करत, मागे-पुढे, हेलकावत खाली जातात आणि मासे त्यांना वाटेतच भेटतात. दोन मिलिमीटरच्या मायक्रो पेलेट भिजवून, निथळून घ्या. चिमटीत हलकेच दाबल्या तर गोळी होते. ती सरळ तळ गाठते आणि तिथे सुटते. माझ्या मते उन्हाळ्यात यापेक्षाही सरस म्हणजे डब्यातला मका. दाणा जड, झपकन बुडतो, तळावर पडला की तिथेच राहतो. उकडलेलं हेम्प म्हणजे गांजाच्या कुळातलं बारीक बी चालत असेल तर तेही मक्याबरोबर द्या. ते तळाच्या फटींत बसतं आणि कार्पला नाक खाली घालून बराच वेळ उकरावं लागतं. मात्र त्या तळ्याचे नियम आधी वाचा. काही ठिकाणी फक्त त्यांच्याच दुकानातल्या पेलेट चालतात, काही ठिकाणी हेम्प किंवा ग्राउंडबेटला (पिठासारख्या चाऱ्याला) बंदी असते.

आणि एकाच जागेवर दिवस काढू नका. सकाळीच तीन जागा मोजून ठेवा: तेरा मीटरवर एक, पाच-सहा मीटरवर जवळच्या उताराच्या पायथ्याशी दुसरी, काठाला लागून तिसरी. एकीवर खवलं आलं की तिला विश्रांती देऊन दुसरीकडे वळा. परत याल तेव्हा मासे बहुधा पुन्हा तळाशी असतात.

आमिष आणि शिसं

गळावरचं आमिषही चाऱ्याइतक्याच वेगाने तळ गाठलं पाहिजे. एक्सपांडर पेलेट मऊ आणि हलकी असते. पंपाने तिच्यातली हवा काढली तरी ती सावकाश उतरते, आणि वर थांबलेले मासे तिला मध्येच ढकलतात, चोखतात, सोडतात. फाउल सुरू असताना ती बाजूला ठेवा. मक्याचा दाणा, कधी दोन दाणे, किंवा बँडमध्ये (रबराच्या बारीक कड्यात) बसवलेली सहा मिलिमीटरची कडक पेलेट लावा.

शिशाचे मणी तंगुसावर एकेक अंतराने पसरलेले असतील तर आमिष तरंगत उतरतं. ते सगळे खाली आणून गळापासून साधारण फूटभर वर एकत्र करा आणि त्याखाली दोन बारीक मणी सोडा. आमिष मधला थर झपाट्याने पार करतं आणि तंगूस ताठ उभा राहतो. दीड मीटर पाण्यात 0.2 ग्रॅमचा फ्लोट असेल तर 0.3 किंवा 0.4 ग्रॅमचा लावा, टोक जरा जाड असलेला. बारीक टोक प्रत्येक घासण्याला बुडतं आणि हात फसतो. जाड टोक माशाने खरंच ओढलं तरच जातं.

अंगाला घासणारा तंगूस कमी त्रासाचा करायचा तर फ्लोट चाऱ्याच्या मध्यावर न ठेवता कडेला ठेवा, पॉट जिथे उलटला त्याच्या फूटभर डावीकडे किंवा उजवीकडे. कळपातून बाहेर पडलेला एकटा मासा सावध नसतो, आणि तो घेतो तेव्हा फ्लोट स्पष्ट बुडतो.

खाली येतच नसतील तर

गरम, स्तब्ध दुपारी वरचे सगळे उपाय करूनही मासे उतरत नाहीत. मग तळाचा नाद सोडा आणि मासे जिथे आहेत तिथेच आमिष न्या. वेगळं टॉप किट घ्या: फ्लोटखाली फक्त दीड-दोन फूट तंगूस, फ्लोट अगदी छोटा, शिसं फ्लोटला लागूनच, गळावर बँडमधली कडक पेलेट. आता कॅटापल्ट पुन्हा काढा. पाच-सहा पेलेट, सारख्या, आणि प्रत्येक वेळी फ्लोट उचलून त्यांच्याबरोबरच पाण्यावर आपटवा. आवाजाकडे आलेला मासा घास घेऊन वळतो तेव्हा हिसका द्यावाच लागत नाही, इलॅस्टिक आपोआप बाहेर येतं. इथेही फाउल लागत असतील तर खोली चुकली आहे. आणखी अर्धा फूट वर या. बहुतेक वेळा मासे आपण समजतो त्याहून वर असतात.

शेवटच्या दोन तासांत काठ बघा. सावल्या लांबल्या की मोठे कार्प काठाकाठाने फिरायला येतात. साधारण 45 ते 60 सेंटीमीटर पाणी आणि कडक तळ असलेली जागा निवडा. इतक्या उथळ पाण्यात माशाला वर थांबायला जागाच नसते. तरी तिथे फाउल लागतात, कारण चार-पाच मासे शेपट्या वर करून खात असतात आणि फ्लोट त्यांच्या शेपट्यांनीच हेलपाटतो. इथे एकच नियम: फ्लोट बुडून दिसेनासा झाला आणि तसाच राहिला, तरच हिसका. मका दोन दाणे लावा, म्हणजे रोच आणि स्किमर हे बारीक मासे मध्ये पडत नाहीत.

एफ-वन नावाचा मासा, कार्प आणि त्याचाच जातभाई क्रुशियन यांचा संकर, ज्या तळ्यांत जास्त आहे तिथे निदान थोडं वेगळं होतं. वॉरिकशायरमधलं टनेल बार्न फार्म एफ-वनसाठीच प्रसिद्ध आहे, आणि कॉव्हेंट्री-बर्मिंगहॅमकडची आपली मंडळी तिथे जात असतील. एफ-वन आमिष क्षणात घेतो आणि क्षणात थुंकतो, त्याचा खरा चावाही बारीक असतो. तिथे जाड टोकाचा फ्लोट लावला तर खरे चावेही दिसणार नाहीत. बारीक टोक ठेवा, ते पाण्याबाहेर ठिपक्याएवढंच राहील इतकं शिसं लावा, आणि फाउल आटोक्यात आणायला फक्त चारा कमी करा.

फाउल लागलाच तर

मासा बाहेरून लागलाय असं जाणवलं की पोल उंच धरून जोर लावू नका. टोक खाली, जवळजवळ पाण्याला समांतर ठेवा आणि इलॅस्टिकला पळू द्या. टोक वर केलं की कुशीत रुतलेला गळ खवलं उचकटून निघतो. पहिली धाव संपली की पोल मागे सरकवा, टॉप किट सुटं करा आणि बाजूच्या पुलरमधून (इलॅस्टिक ओढून घ्यायच्या भोकातून) इलॅस्टिक थोडं थोडं ओढून घ्या. कार्पसाठी बारा-चौदा नंबरचं पोकळ इलॅस्टिक यासाठी बरं, कारण ते सुरुवातीला मऊ असतं आणि ताणलं की जोर धरतं. बहुतेक सगळ्या कमर्शियलवर बिनकाट्याचाच गळ चालतो, त्यामुळे तंगूस क्षणभर सैल पडला तरी मासा सुटतो. फाउल मासा सुटला तर सुटू द्या, त्याच्यामागे धडपडून पोलचा तुकडा मोडण्यात अर्थ नाही.

जाळीत आला तर हात आधी पाण्यात ओले करा, मासा जाळीतच किंवा ओल्या मॅटवर ठेवून गळ काढा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि खवलं गेलेल्या जागी तो थरच जंतूंपासून बचाव करत असतो. जखम दिसत असेल तर तो मासा कीपनेटमध्ये (पकडलेले मासे ठेवायच्या जाळीत) इतरांबरोबर दाटीत ठेवू नका, लगेच पाण्यात सोडा.

दोन गोष्टी पेगवर बसण्याआधीच्या. इंग्लंडमध्ये 13 वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या प्रत्येकाला रॉड लायसन्स (मासेमारीचा परवाना) लागतं, तळ्याचं तिकीट वेगळं काढलं असलं तरी. नसेल तर 2,500 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि कार्बन वीजवाहक आहे. पेगवरून वर मान करून बघा. विजेच्या तारांपासून 30 मीटरच्या आत पोल उभारायचा नाही, आडवा सरकवतानासुद्धा नाही; दुसरा पेग मागून घ्या.